भीमाचार्यांचा ताऊस

प्रणीत, ते कानावरचं काढ बघू आधी. हो, तेच. बाहेरचा आवाज बंद करायला एवढे पैसे मोजलेस, ठाऊक आहे मला. पण आज रात्री तरी बंद करू नकोस. का ते सांगतो. हर्षिता, ती शेंगांची पाटी इकडे सरकव आणि तू पण बस. करंट गेलाय, दिवे येईपर्यंत सोलायला हात लागतील.

या शेंगा आजच्या परिषेतल्या, आपल्या शेंगांच्या जत्रेतल्या, आणि गोष्ट गेल्या वर्षीच्या परिषेची. कार्तिकातला शेवटचा सोमवार, म्हणजे हीच रात्र. आपल्या मागच्या क्रॉस रस्त्याला रविकिरण राहतो ना, तुम्ही ज्याला वाद्यवाला अंकल म्हणता, त्याच्यावर ती बेतली. थोडी मी पाहिली, बाकीची त्याच्या तोंडून ऐकली. आणि रविकिरण थापा मारणारा माणूस नाही. थापा मारायच्या तर त्याला आधी वाद्यांतून डोकं वर काढावं लागेल.

त्या घरात माणसं दोन, तो आणि त्याची बायको श्रीविद्या. वाद्यं मात्र विचारू नका. कर्णा लावलेलं व्हायोलिन, भोपळा फुटलेली किन्नरी, चाव्या गळालेला बुलबुल तरंग. जे कुणी टाकून देईल ते हा घरी आणणार, महिनोन्महिने खरवडणार, चिकटवणार, आणि वाजायला लागलं की कपाटात ठेवून दुसरं शोधायला जाणार. श्रीविद्या म्हणायची, "अण्णा, मी जरा मोडून बघते, म्हणजे हे माझ्याकडे पण लक्ष देतील." मी हसायचो. तीही हसायची, पण स्वल्पच.

त्या परिषेच्या आधी थोडे दिवस रविकिरण माझ्या दुकानात आला. म्हणाला, "शाम, चामराजपेटेला जायचंय, ऑटोत एक वस्तू धरून बसायला माणूस पाहिजे." मी शटर ओढलं आणि गेलो. घर सत्यवतीअक्कांचं. आपल्यातलंच जुनं घराणं, तंजावरकडून आलेलं. अक्कांनी पलंगाखालून एक लुगड्यात गुंडाळलेलं गाठोडं ओढलं. आत ताऊस.

ताऊस म्हणजे लाकडी मोर. पोट पोकळ, मान वर काढलेली, चोचसुद्धा कोरलेली. मांडीशी घ्यायचा आणि गजानं वाजवायचा. वरच्या चार तारा वाजवायच्या. त्यांच्या खाली बारीक तारांची रांग असते, त्या तरफा. तरफांना कुणी हात लावत नाही. खोलीत कुणी त्यांचा सूर लावला की त्या आपसूक थरथरतात. ज्या तरफेचा सूर, तेवढीच थरथरते, बाकीच्या गप्प. एवढं लक्षात ठेवा.

या ताऊसच्या सगळ्या तारा उतरवलेल्या होत्या. रविकिरणचे डोळे असे लकाकले की मलाच लाज वाटली. त्यानं खिशात हात घातला तर अक्का म्हणाल्या, "पैसे बेडा, नकोत मला. एक गोष्ट कबूल कर. तारा चढव, खुशाल चढव. पण सूर लावताना दार बंद करायचं नाही."

"का अक्का?"

अक्का थोडा वेळ मोराच्या मानेवरून हात फिरवत राहिल्या. मग त्यांनी सांगितलं. हा ताऊस त्यांच्या मामंजींचा, भीमाचार्यांचा. माजघरामागच्या खोलीत आतून कडी घालून रियाज करायचे. घरच्यांची झोप मोडू नये म्हणून. एका रात्री त्या खोलीतून एकच सूर यायला लागला. एकच. थांबायचा, परत यायचा. अक्का तेव्हा नवी नवरी. सासूबाईंना म्हणाल्या, "मामंजी आज एकाच सुरावर बसलेत." सासूबाई म्हणाल्या, "आचार्यांचा रियाज आहे, मध्ये जायचं नाही." पहाटेकडे सूर बंद झाला.

"दार फोडलं तेव्हा दारापाशीच पडले होते," अक्का म्हणाल्या. "अर्धं अंग गेलेलं. ओरडता येईना. एक हात चालत होता, त्यानं गज ओढत राहिले. मग सरपटत दारापर्यंत आले. गजाला राळ लावतात ना, तिची पांढरी पूड हाताला असते. दारावर चार बोटांचे फराटे होते, खालून वर. कडीच्या वीतभर खाली संपलेले."

परत येताना ऑटोत रविकिरण सारखा त्या मोराकडेच बघत होता. मला वाटलं, हेलावला. हनुमंतनगरच्या चढावर म्हणतो कसा, "शाम, तरफा पितळेच्या घालाव्या की पोलादी?"

सरी, ते असो. आता त्याच्या खोलीबद्दल सांगतो. जिन्याखालची अडगळीची खोली त्यानं सूर लावायला म्हणून बंदिस्त करून घेतली होती. खिडकी नाही. भिंतींना फोम. दार जाडजूड, कडेनं रबर, आपटलं की आपोआप लागणारं. आत लोखंडाची वस्तू ठेवायचा नाही, कारण सूर लावला की डबा वाजतो, पक्कड वाजते. हत्यारं सगळी बाहेर व्हरांड्यात. फोनही बाहेर. आणि एका ठरावीक सुराला दाराची आतली मूठ किणकिणायची. त्याला ते सहन होईना, म्हणून त्यानं ती काढूनच टाकली! दाराची आतली मूठ कोण काढतं सांगा मला? ज्याला सुरापुढे दुसरं काही दिसत नाही तोच. दाराला लाकडी पाचर लावून काम करायचा. चुकून बंद झालंच तर मुठीच्या भोकात घालून फिरवायला एक स्क्रूड्रायव्हर तेवढा फळीवर असायचा.

परिषेच्या संध्याकाळी श्रीविद्या जत्रेत शेंगा घेऊन तिथूनच लेकीकडे महादेवपुऱ्याला जाणार होती, दुसऱ्या दिवशी दुपारी परतायची. जाण्याआधी तिच्या मिक्सरचा स्क्रू सैल झाला म्हणून यानं तो स्क्रूड्रायव्हर नेला. आवळला. आणि तिथेच ओट्यावर ठेवला.

ती गेल्यावर हा ताऊस घेऊन खोलीत बसला. गजाचे केस अजून आले नव्हते, राळही संपलेली, घरात कणभर उरली नव्हती. पण तरफा चढल्या होत्या, त्या तरी लावून टाकू म्हणाला. यांची एक पद्धत असते. कागदाचे छोटे कपटे घडी घालून प्रत्येक तरफेवर बसवायचे. आपण तोंडानं सूर लावायचा. बरोबर लागलेल्या तरफेवरचा कपटा उडतो. कान फसतो, कागद फसत नाही.

दार उघडं होतं. अक्कांना दिलेला शब्द त्याच्या लक्षात होता, हे मी त्याच्या बाजूनं सांगतो. पण बाहेर परिषे. सगळ्या रस्त्यावर पोरं पिपाण्या फुंकत होती. दर पिपाणीला चार-चार कपटे उडायचे. काही लागेना. शेवटी वैतागून उठला, म्हणाला, स्वल्प वेळच तर. पाचर काढली.

दार लागलं. परिषे बंद झाली.

आता मजेत काम सुरू. एकेक तरफ लावत गेला. सगळ्या लागल्या. कपटे पुन्हा नीट बसवले आणि मांडी मोडून कौतुकानं बघत बसला. गप्प. खोलीत काही आवाज नाही.

एक कपटा उडाला.

त्याला वाटलं, आपला श्वास लागला. कपटा परत बसवला, जरा मागे सरकला. पुन्हा उडाला. तोच. मग त्याला वाटलं, बाहेर ढोल असतील. पण ढोलानं सगळ्या हलल्या असत्या. इथे एकच तरफ थरथरत होती. थांबायची. परत थरथरायची.

हर्षिता, शेंगा राहू देत. ऐक.

रविकिरणला तरफांची भाषा येते. एक तरफ हलते याचा अर्थ काय, ते त्याला कुणी सांगायला नको. खोलीत कुणीतरी तो सूर लावत होतं. याला ऐकू येत नव्हता, एवढंच.

तो उठला. दाराकडे गेला. फळीवर हात फिरवला.

स्क्रूड्रायव्हर नव्हता.

पुन्हा फिरवला. मग आठवलं... ओट्यावर. मिक्सरपाशी.

मुठीच्या भोकात बोट घातलं. जाईना. गजाची काठी घातली. फिरवली. टोक मोडलं, आतच अडकलं. दारावर मुठी मारल्या. फोमवर मारल्यासारख्याच. ओरडला. स्वतःचा आवाज तोंडापाशीच संपतोय असं त्याला वाटलं. बाहेर हजारो माणसं होती रे. दोन भिंतींपलीकडे. शेंगा खात होती.

आणि त्याला दमा आहे. पंप शर्टाच्या खिशात. शर्ट व्हरांड्यात, खुंटीला.

श्रीविद्या दुसऱ्या दिवशी दुपारी येणार. दाराला सगळीकडून रबर. त्यानंच हौसेनं बसवलेलं. छाती शिट्टी घालायला लागली. तो खाली बसला. बसला तर समोर तो मोर. मान वर. आणि तो एक कपटा... उडतोय. पडतोय. यानं उचलून ठेवला नव्हता. तरी तरफेवरच होता.

मग करंट गेला.

काळोख. डोळे उघडे की मिटलेले, कळेना. श्वास आत जाईना. हात पुढे केला आणि बोट त्या तरफेवर पडलं. थरथरत होती. थांबली. परत थरथरली. जवळून. त्याला वाटलं, आपल्या हाताशेजारी आणखी एक हात आहे. बघायचं धाडस नाही. बघून दिसणारही नव्हतं.

मला त्यानं सांगितलं, "शाम, भीतीनं मरणार होतो मी. दम्याआधी भीतीनं. पण मी पण ओरडतच होतो ना? मला पण कुणी ऐकत नव्हतं. आणि एकदम कळलं, हा रियाज नाही. ही हाक आहे. ते अजून हाकच मारतायत."

यानं उरलेला श्वास गोळा केला. आणि बोलला.

"आचार्य... ऐकलं मी. ऐकू येतंय."

तरफ थांबली.

त्यानं वाट पाहिली. बोट तिथेच. काही नाही. तार थंड. खोलीत आता तो एकटा होता, हे त्याला नक्की कळलं. आणि म्हणाला, तेच जास्त भयंकर वाटलं.

मग दाराकडून आवाज आला. बाहेरून. खाली, जमिनीशी. काहीतरी घासत होतं. थांबलं. जरा वर घासलं. थांबलं... आणखी वर. जड माणूस एका हातानं स्वतःला ओढतो तसं.

खूप वेळ गेला, म्हणाला. किंवा अगदी थोडा.

बाहेरची मूठ फिरली.

दार उघडलं. पिपाण्या, ढोल, माणसं, सगळं एकदम आत आलं. रस्त्यावरच्या दुकानांच्या बत्त्यांचा उजेड व्हरांड्यात पडला होता. दारात कुणी नव्हतं. हा रांगत खुंटीपर्यंत गेला, पंप ओढला, आणि मग मला फोन केला. नुसतं "शाम, शाम" म्हणत होता.

मी गर्दीतून धक्के देत धावलो. व्हरांड्याचं फाटक आतून बंद होतं. त्यानंच भिंतीला धरून येऊन उघडलं. मी त्याला पाणी दिलं, पाठ चोळली, थोडं रागावलो पण. आधी मला वाटलं, लॅच सैल असेल, धक्क्यानं उघडलं असेल. मी व्यापारी माणूस, मला हिशेब लागतो. म्हणून फोनची बॅटरी लावून दार बघायला गेलो.

ताऊस दुसऱ्याच दिवशी आम्ही अक्कांकडे परत नेला. त्यांना मी जे पाहिलं ते सांगितलं. त्या पदर तोंडाला लावून बराच वेळ रडल्या. म्हणाल्या, "पोचले एकदाचे."

काय पाहिलं म्हणतोस? त्या घरात राळेचा कण नव्हता, हे मी आधीच सांगितलंय. आणि दाराच्या बाहेरच्या अंगाला, उंबऱ्यापासून, चार बोटांचे पांढरे फराटे होते. खालून वर. थांबत थांबत. मी बोट लावून पाहिलं, चिकट होतं. चामराजपेटेला ते कडीच्या वीतभर खाली संपले होते.

इथे ते मुठीपर्यंत गेले होते. आणि मुठीवर अख्खा पंजा उमटला होता.