रिलीव्हरची सही

सपोर्ट संपलेला लिनक्स हा काही माणसानं घाबरून जावं असा विषय नव्हे. स्टील प्लांटला लागून असलेल्या कोहक्यातल्या आमच्या घरात टीव्हीखाली माझ्या वडिलांचा, बाबूजींचा, लिनक्सवर चालणारा जुना कॉम्प्युटर आहे. घरातल्या सगळ्या व्हिडिओ कॅसेटी त्यांनी त्यात भरून ठेवल्या होत्या: क्वार्टरमधले वाढदिवस, दीक्षाभूमीच्या सहली, माझं लग्न. टीव्ही लावायचा, यादीतून हवं ते निवडायचं. एकूण ३११ व्हिडिओ. एप्रिलपासून त्या कॉम्प्युटरनं एकच रडगाणं लावलं होतं, की ही आवृत्ती जुनी झाली, यापुढे दुरुस्त्या मिळणार नाहीत. वर दोन आठवड्यांपासून डिस्कही किरकिरायला लागली होती.

मी प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंटेशनला आहे. सत्तावीस वर्षं मीटर आणि गेज यांच्यात गेली. आकडा चुकला तर मीटर तपासायचं, देवाला हाक मारायची नाही, हे मला बाबूजींनी शिकवलं. ते त्याच प्लांटमध्ये कोक ओव्हनला, कोळशाच्या भट्ट्यांवर होते. आमच्या घरात बावीस प्रतिज्ञा सगळ्यांना पाठ, भुताखेताला थारा नाही. ‘भूत म्हंजे टायमावर न केलेला मेंटेनन्स,’ असं ते म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

त्यांना जाऊन चौदा महिने झाले. बायको संघमित्रा गोंदियाला शाळेत शिकवते, पंधरा दिवसांनी येते. मुलगी खुशबू रायपूरला हॉस्टेलवर. घरात मी आणि माय. मायला आता फारसं दिसत नाही. प्लांटचा दुपारी दोनचा भोंगा झाला की ती टीव्ही लावायला सांगते आणि बाबूजींचा आवाज ऐकत बसते. त्या आवाजाची दुसरी प्रत कुठे नव्हती. डिस्क बसली असती तर माणूस दुसऱ्यांदा गेला असता. प्रत काढायचं मी रोज ठरवत होतो आणि रोज झोपत होतो.

टीव्हीशेजारी खिळ्याला एक रजिस्टर लटकलेलं असतं, त्याला सुतळीनं बांधलेलं पेन. तेही बाबूजींचंच. प्लांटचा नियम आहे: रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, येऊन रजिस्टरवर सही करत नाही तोवर सीट सोडायची नाही. तो आलाच नाही तर पुढची पाळीही तुमचीच. रिटायर झाल्यावर बाबूजींनी हाच नियम या कॉम्प्युटरला लावला; त्याला ते सर्व्हर म्हणत. रोज एक ओळ. ‘सर्व्हर चालू. तापमान ठीक. चार्ज दिला: गुलाब.’ गुलाब हे त्यांचं नाव. पुढचा रकाना, ‘चार्ज घेतला’, कायम कोरा. लिहिण्याआधी पेन चालतं का हे बघायला ते समासात एक छोटी रेघ ओढत. पानापानाला अशा रेघांची रांग आहे.

“एकदा सही मारून दे ना, राजदीप,” ते म्हणायचे. “मी बी सुटतो.”

“तुमचा कॉम्प्युटर हाय बाबूजी, तुमीच सांभाळा,” असं म्हणून मी चपला काढायचो. ते हसायचे नाहीत, हे मला फार उशिरा आठवलं.

नवं लिनक्स टाकायचं तर त्याचे प्रकार ढीगभर. मी खुशबूला फोन लावला.

“पापा, जो सबसे बोरिंग है वही डालो,” ती म्हणाली. “डेबियन. पुराना है, कुछ भी अटके तो मदत मिल जाती है. पाच वर्षं पाहाचं काम नाही.”

“अन् थे रोज नवं येते म्हणते ते?”

“वो रोज टूटेगा, और आजी रोज तुमाले उठवीन.”

पाच वर्षं कुणी उठवणार नाही, याहून मोठा गुण मला त्या दिवसांत सुचला नसता. डेबियन ठरलं.

नवी डिस्क आणली. प्रत काढण्याआधी यादी मोजली, तर ३११ च्या जागी ३२५. काही दोनदा मोजले गेले असतील, म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी ३२६. तिसऱ्या दिवशी ३२७. वाढलेल्या प्रत्येक फाइलच्या नावात त्या-त्या दिवसाची तारीख होती आणि वेळ दुपारी दोन.

एक उघडली. आमची समोरची खोली. कूलरचा खडखडाट, दिवाणावर लसूण सोलत बसलेली माय, तिच्या अंगावर आदल्याच दिवशीचं हिरवं लुगडं. चाळीस मिनिटं एवढंच. आमच्या घरात कॅमेरा नाही. मी टेप घेऊन मोजलं. चित्र कोपऱ्यातल्या बाबूजींच्या वेताच्या खुर्चीवरून, पावणेचार फुटांवरून घेतलेलं होतं. त्या खुर्चीत माणूस बसला की त्याचे डोळे तेवढ्यावर येतात. शेवटी चित्र बाजूला वळलं, रजिस्टरचं पान जवळ आलं. समासात एक रेघ उमटली. हात दिसला नाही.

मी उठून रजिस्टर उघडलं. बाबूजींच्या शेवटच्या ओळीखाली काहीच लिहिलेलं नव्हतं. समासात मात्र सोळा रेघा होत्या, शेवटच्या रेघेची शाई बोटाला लागली.

“माय, दुपारी कोन येते घरी?”

“कोन येईन? तुहे बाबूजी असतेत.” तिनं लसणाची पाकळी चाचपली. “कावून विचारून राहिला? रिलीव्हर आल्याबिगर थे कधी सीटवरून उठले का?”

मला भीती वाटली. खरंच वाटली. पण दुसऱ्या दिवशी पहाटे रात्रपाळी संपताना रिलीव्हर आला नाही आणि मला सलग सोळा तास काढावे लागले, तेव्हा भीतीपेक्षा झोप मोठी असते हेही कळलं.

दुपारी घरी आलो. माय डोळा लागून पडली होती. आता नाही तर कधीच नाही, म्हणून तसाच बूट न काढता बसलो. ड्यूटीला निघताना लावलेली प्रत रात्रीच पूर्ण होऊन पडली होती. डेबियन अर्ध्या तासात बसलं, कुठं अडलं नाही. यादी उघडली. ३११. आकडा बरोबर आला म्हणून मला रडू यायचं बाकी होतं.

समोर रजिस्टर होतं. सोळा तासांनंतर रजिस्टर दिसलं की माझा हात मला विचारत नाही. ‘चार्ज घेतला: राजदीप.’ सही केली, खाली तारीख टाकली.

कोपऱ्यातली वेताची खुर्ची करकरली. बसताना करकरते तशी नाही. उठताना करकरते तशी.

दुसऱ्या दिवशी दोनला मायनं माझ्या लग्नाचा व्हिडिओ लावायला सांगितला. त्यात बाबूजी सगळ्यांच्या पुढे बसून त्रिशरण म्हणतात. मी लावला आणि पाणी आणायला आत गेलो.

आवाज ऐकून गिलास ओट्यावरच ठेवला.

पडद्यावर मंडप तोच, पाहुणे तेच. पांढऱ्या कपड्यांत अठ्ठावीस वर्षांचा मी, शेजारी संघमित्रा. बाबूजींच्या खुर्चीत निळा प्लांटचा शर्ट घातलेला, डोक्याचे अर्धे केस पिकलेला माणूस. त्रिशरण तोच म्हणत होता, माझ्या आजच्या आवाजात.

दुसरा व्हिडिओ लावला. तिसरा. नागपूरची सहल, क्वार्टरमधला खुशबूचा पाळणा. बाबूजी कुठंच नव्हते. जुनी डिस्क जोडून पाहिली. तिच्यातही नव्हते. ते सुटले होते.

“आवाज किती बसला रे तुहा, राजदीप,” टीव्हीकडे तोंड करून माय म्हणाली. “झोपत जा बाबू जरा.”

मी दारात उभा होतो. मी काहीच बोललो नव्हतो.

त्याला आता अकरा दिवस झाले. ड्यूटीवर असलो तरी दोनच्या भोंग्याला मी खोलीतही असतो, लसणाचा वास येतो, कूलर ऐकू येतो. झोपलो तरी सुटी होत नाही. काल खुशबूचा फोन आला.

“पापा, आवाज कैसा हो गया तुमचा? सिस्टम में कुछ गडबड है क्या? मी संडेला येते. तुम आराम करो, मी पाहून घेते सगळं.”

नको येऊ, एवढंच म्हणायचं होतं. जीव आहे ती माझा. ओठापर्यंत आलंही होतं.

“ये,” मी म्हणालो.

फोन ठेवून रजिस्टर उघडलं. त्या दिवसाची ओळ भरलेली होती, माझ्याच अक्षरात. ‘सर्व्हर चालू. तापमान ठीक. चार्ज दिला: राजदीप.’ पुढचा रकाना कोरा. हे कधी लिहिलं ते आठवत नव्हतं. पान फाडायला हवं होतं. रजिस्टर चुलीत घालायला हवं होतं.

मी सुतळी सरळ केली, पेनाचं टोपण काढलं आणि समासात एक छोटी रेघ ओढून पाहिली. पेन चालत होतं.