वाऱ्याचा देव वारा मोजतो

हवेतला दमटपणा मोजणाऱ्या तापमापकाची वात टोकापासून दोन मिलिमीटर कोरडी होती. म्हणजे सकाळपासून तिला कोणी पाणी घातलं नव्हतं. नोंदवहीत मात्र शनिवारपर्यंतचे आकडे झोकात लिहिलेले.

वेधशाळेच्या निरीक्षिकेनं वही त्याच्यापुढे आपटली. "आज मंगळवार आहे!"

"शनिवारी ईशान्येचा वारा सुटेल. मी सांगितलंय त्याला."

"आणि तो ऐकतो तुझं?"

"ऐकायचा..."

तिनं कपाळाला हात लावला. चार महिन्यांपूर्वी हा वाऱ्याचा देव उर्मटपणापायी स्वर्गातून हाकलला गेला आणि पडला तो नेमका वेधशाळेच्या गच्चीवर, तिच्या नव्याकोऱ्या वेगमापकावर. मोडलंस, तर दुरुस्त करून जा, असं ती म्हणाली, तर पठ्ठ्यानं मुक्कामच ठोकला! दिसायला देखणा, वागायला नुसता ताप. जरा बोललं की रुसलेल्या सुनेसारखी धमकी – "मी वर निघून जाईन!"

महिन्यापूर्वी तर वरून माफीही आली होती. परत यायला आज सूर्यास्तापर्यंत हो म्हणायचं, नाहीतर स्वर्गाचं दार कायमचं बंद. महिनाभर त्याचं एकच – "उद्या सांगतो." त्या 'उद्या'चा तिला वीट आला होता. आणि धास्तीही वाटत होती... पण हे ती कशाला सांगेल?

संध्याकाळी ती गच्चीवर गेली. तो शिडीवर चढून, हातातलं यंत्र वाऱ्यात धरून उभा होता. वहीतले सगळे आकडे खोडलेले. खाली लिहिलेलं – 'न पाहता लिहिले. चूक माझी.'

"नैर्ऋत्य, ताशी नऊ किलोमीटर," तो खाली उतरत म्हणाला. "तीनदा मोजलं. एवढ्याशा वाऱ्यातही तुझी बट उडतेय."

"ती नोंदवायची नसते."

"मग?"

"मागे सारायची असते. विचारून."

जन्मात कुणाला काही न विचारलेला तो क्षणभर अडखळला. "...सारू?"

तिनं मान हलवली. त्यानं बट हलकेच तिच्या कानामागे सारली. तिचा श्वास काही फारसा नियमित नव्हता.

"सूर्य टेकलाय," ती म्हणाली. "आता उद्या म्हणालास ना, तर मीच ढकलीन वर!"

"मी राहिलो तर... तुला आवडेल?"

"वैताग येईल. रोज येईल." ती थांबली. "आणि आवडेल."

त्यानं आभाळाकडे तोंड केलं.

"दार लावून घ्या," तो ओरडला, "मी येत नाहीये!"