बसथांब्यावरची पहिली जागा

खरं वाटलं तर वाटू द्या, नाही तर सोडून द्या. पण वेंडी मर्गट्रॉइड माझी शेजारीण आहे, आमची भिंतीला भिंत लागून घरं, आणि रचून सांगायला लागते तेवढी कल्पनाशक्ती त्या बाईकडे नाही.

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. शनिवारची संध्याकाळ. आमच्या हॉल्डनक्लिफमध्ये, टेकडीवरच्या बसथांब्यावर.

हॉल्डनक्लिफ आता नुसतं नावाला गाव आहे. इंग्लंडातल्या यॉर्कशरमधलं टेकडीखालचं शहर चढत चढत कधी आमच्या चर्चपर्यंत आलं, कळलंच नाही. घरं शंभर झाली आणि सोयी सगळ्या पळाल्या. पोस्ट बंद. बँक बंद. पबचे फ्लॅट झाले. खाटकाच्या दुकानात आता कुत्र्यांचे केस कापतात. माणसाला पाव हवा असेल तर टेकडी उतरा!

आणि उतरायला एकच छोटी बस, तासाला एक.

वेंडीचा नवरा क्लिफर्ड टेकडीच्या पायथ्याशी वृद्धाश्रमात आहे. डोक्याचा आजार. माणसं ओळखत नाही, धड बोलत नाही. फक्त वेंडीने भरवलं तरच तोंड उघडतो. दुसऱ्या कोणी चमचा पुढे केला की दात आवळून बसतो. म्हणून ती रोज संध्याकाळच्या बसने जायची. तिचं कंबरेचं हाड बदललेलं. तो ओला, उभा उतार चालणं तिच्याच्याने होत नाही, आणि टॅक्सीवाले वर यायला नाक मुरडतात.

त्या आठवड्यात ती संध्याकाळची बस थांबेचना.

वेंडी हात करायची. बस जवळ यायची, वेग कमी व्हायचा...

आणि निघून जायची.

पुढच्या बसने पोचेपर्यंत तिथलं स्वयंपाकघर बंद. ताट उचललेलं. क्लिफर्ड उपाशी. डॉक्टर म्हणाले, असंच वजन घटत राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल.

वेंडीच्या डोक्यात तिडीक गेली. तिने बस कंपनीला फोन लावला. कितीतरी वेळ सनईसारखं काहीतरी वाजत राहिलं, मग एक मुलगी बोलली.

"मॅडम, ड्रायव्हर म्हणतो, रांगेत पुढे उभे असलेले गृहस्थच त्याला हाताने 'जा' म्हणतात."

"कसले गृहस्थ? मी एकटी असते तिथे!"

"त्याने तसंच सांगितलंय, मॅडम."

"मग त्याला चष्मा घे म्हणावं!"

फोन आपटून ती बाहेर आली तर समोर नेव्हिल कुत्रा फिरवत होता. नेव्हिलचा जन्म इथलाच, सत्तरी उलटलेली.

"नेव्हिल, थांब्यावर माझ्यापुढे कोणी गृहस्थ असतात का रे?"

नेव्हिलने बुटांकडे बघितलं.

"तू खांबापासून एक पाऊल मागे का उभी राहतेस, वेंडी?"

"म्हणजे काय? सगळेच राहतात."

"हं. माझी आईपण राहायची."

"कोणासाठी जागा सोडतो आपण?"

"मी कधी विचारलं नाही." तो चक्क लाजला. "अशा चौकशा करणं बरं दिसतं का?"

हे असले आमचे लोक! पिढ्यान् पिढ्या रिकाम्या जागेच्या मागे रांग लावतील, पण तोंड उघडून विचारणार नाहीत.

शनिवारी धुकं होतं. चहाच्या वेळेलाच काळोख. वेंडी थांब्यावर गेली आणि सवयीने एक पाऊल मागे उभी राहिली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

मग वास आला...

भिजलेल्या लोकरी कोटाचा वास. पाऊस तर चार दिवस पडला नव्हता.

मग कोणीतरी खोकलं. हलकेच, तोंडावर हात धरून खोकावं तसं.

अगदी तिच्या पुढ्यात.

वळणावर बसचे दिवे दिसले. तिने हात केला. बसचा वेग कमी झाला... आणि पुन्हा वाढायला लागला.

वेंडीला भीती वाटली नाही. तिला राग आला. आठवडाभराचा साठलेला सगळा राग. तिकडे नवरा उपाशी, आणि इथे हा कोण मेला माझी बस घालवणारा?

इंग्लंडात माणूस बायको सोडू शकतो, राजाला शिव्या देऊ शकतो. पण रांगेत घुसत नाही. वेंडी जन्मात कधी घुसली नव्हती.

"माफ करा," ती मोठ्याने म्हणाली, आणि पुढे घुसून खांबाला टेकली.

दुकानातल्या बर्फाच्या पेटीत वाकल्यासारखा गारठा अंगाला लागला. तिने दोन्ही हात हलवले.

बस थांबली.

दार उघडून ड्रायव्हर तिच्याकडे बघतच राहिला. "हे काही बरं नाही हं, बाई. ते तुमच्या आधीपासून उभे आहेत."

तो तिच्या खांद्यामागे बघत होता.

वेंडीने वळून पाहिलं नाही. ती आत जाऊन बसली. ड्रायव्हर दार उघडं ठेवून थांबला. "या साहेब, सावकाश."

बसची पायरी किंचित खाली दबली...

दार बंद झालं.

खाली पोचेपर्यंत वेंडीने मान वर केली नाही. वृद्धाश्रमाशी ती उतरली, तेव्हा तिथलं काचेचं दार आधीच सरकून उघडलं होतं. दाराशी कोणीच नव्हतं.

पण ती वेळेत आली होती! जिन्सी, तिथे कामाला असलेली केरळची पोरगी, नुकतंच ताट ठेवत होती. कुस्करलेला बटाटा, मटार, वर गरम ग्रेव्ही. वेंडीला रडूच फुटणार होतं. क्लिफर्डच्या पलंगाजवळच्या खुर्चीत ती बसली.

खुर्ची ओली होती.

"उघड तोंड, राजा."

क्लिफर्डने दात आवळले. मग तिच्याकडे बघून, कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच, तो पूर्ण वाक्य बोलला.

"असं मध्ये घुसू नये गं, वेंडी. त्यांचा नंबर आधी आहे."

"कोणाचा? क्लिफर्ड, बटाटा गार होतोय. तोंड उघड."

"रांग आहे ना."

तिने विनवलं. ती चिडली. चमचा ओठांना लावला. ग्रेव्ही हनुवटीवरून ओघळली, पण दात सुटले नाहीत.

शेवटी ती उठली. रिकाम्या खुर्चीकडे बघून "सॉरी" म्हणाली आणि मागे जाऊन उभी राहिली.

क्लिफर्डने तोंड उघडलं...

समोर काहीच नव्हतं.

त्याने चावलं. गिळलं. पुन्हा तोंड उघडलं. मध्येच मटार आवडत नसल्यासारखं तोंड वाकडं केलं. शेवटी समाधानाने ढेकर दिली.

ताट वेंडीच्या हातात होतं. भरलेलं.

आता बस रोज थांबते. क्लिफर्डचं वजन वाढलंय. डॉक्टर नळीचं नाव काढत नाहीत. जिन्सी कौतुकाने विचारते, "ताट तर तसंच असतं, घरून काय आणून भरवता हो?"

मी वेंडीला म्हटलं, "परत एकदा घुस की पुढे! तुझा नवरा आहे."

तिने चहा ढवळला.

"आणि मग त्याने पुन्हा कधी तोंडच उघडलं नाही तर?"

रोज संध्याकाळी भिंतीपलीकडे तिचं दार वाजतं. ती निघालेली असते. वृद्धाश्रमात जाऊन, चमचा हातात धरून, त्या खुर्चीच्या मागे उभी राहते.

अजून तिचा नंबर आलेला नाही.