मोठ्या चाकांची गाडी

ज्या वर्षी माझ्या नातीचं, उर्वीचं बारसं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. म्हणजे २०२४. बारसं चैत्रात झालं आणि हे वैशाखात.

गोष्ट खरी आहे. मी यमुनाबाई, देवासला राहते. जे लिहितेय ते माझ्या पायांनी अनुभवलंय. पायांनी का, ते पुढे कळेल.

रात्र नव्हती. अमावस्या नव्हती. कुक्षीच्या पुढचा डांबरी रस्ता होता आणि डोक्यावर भर दुपारचं ऊन.

ज्याला हसायचं त्याने हसावं. पन्नाशी उलटल्यावर मी पाटी हातात घेतली, तेव्हाही गल्ली हसलीच होती.

आमच्याकडे एक ट्रक आहे. माझ्या यजमानांचा, भगवंतांचा. ते गेल्यावर मुलगा अंकित चालवतो. देवासला पशुखाद्य भरायचं, धार, गंधवानी करत कुक्षी गाठायची आणि पुढे एका गोदामात माल उतरवायचा. तिकडचे रस्ते खड्ड्यांचे. गाडी खाली घासायची. म्हणून बारशानंतर अंकितने मोठे टायर बसवले. गाडी चांगली चार बोटं उंच झाली.

आठवड्यात बायपासच्या कॅमेऱ्याने त्याला पकडलं. मीटरवर काटा साठच्या आत, आणि चलानावर वेग जास्त.

"आई, मीटर खोटं बोलतंय," अंकित म्हणाला.

ते मला कळलं. मोठ्या पावलांचा माणूस कमी पावलांत घर गाठतो. चाक मोठं झालं की तेवढ्याच रस्त्यात ते कमी वेळा फिरतं, आणि मीटर बिचारं फेरे मोजतं. म्हणून ते वेगही कमी दाखवतं आणि अंतरही कमी.

धारला राजवीर म्हणून मीटरचा कारागीर आहे. गिअरपेटीतून मीटरला वायर जाते, तिच्या तोंडाशी दातांची एक बारीक चकती असते. ती त्याने टायरच्या हिशोबाने बदलली. मग अंकितला घेऊन रस्त्यावर गेला आणि किलोमीटरच्या दगडांशी मीटर ताडून पाहिलं. दगडाला दगड जुळला.

"जा भिया. अब झूठ नहीं बोलेगा," म्हणाला.

पुढच्या फेरीला अंकित कुक्षीहून परत येताना धारला पोचला, तर मीटरमध्ये पाच-सहा किलोमीटर जास्त...

कमी नाही. जास्त.

तो तसाच राजवीरकडे गेला. राजवीरने पुन्हा तपासलं. धारच्या रस्त्यावर मीटर चोख.

"भिया, बड़े टायर पे मीटर कम बताता है. ज्यादा बताने का एकच मतलब. गाडी ज्यादा चली."

"कहाँ चली? मी तर सरळ आलो!"

"वो तो तू जाने. मेरा मीटर सच्चा है."

अंकित चिडून घरी आला. मी बाहेर गाडी बघायला गेले.

टायर ओले होते...

वैशाखात. दोन महिने पावसाचा थेंब नव्हता. टायरच्या खाचांत काळा गाळ, आणि त्या गाळात बारीक शंख. नदीतले.

"कुठे पाण्यात घातलीस?"

"कुठेच नाही गं. तुझी शपथ."

तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच आठवत नव्हतं.

त्याच्या पुढच्या फेरीला किलोमीटर आणखी वाढले. ओलाव्याची रेघ टायरच्या वर, मडगार्डपर्यंत आली होती. अंकित जेवेनासा झाला. उर्वीला मांडीवर घेऊन नुसता भिंतीकडे बघायचा.

सून रुची रडकुंडीला आली. इंदूरला हिंदीत शिकलेली पोर ती. म्हणाली, "आई, बेचून टाका ना ही गाडी. निदान तो रस्ता तरी सोडा."

रस्ता सोडून पाहिला. अंकितने सतवासचं भाडं धरलं. सतवास आमच्याच जिल्ह्यात, कुक्षीच्या उलट दिशेला.

संध्याकाळी गाडी परत आली...

ओली रेघ दाराच्या कडीपर्यंत होती. मीटर पुन्हा जास्त. आणि गाडीला तोच वास, कुजलेल्या गाळाचा.

मी ती रेघ हाताने पुसली. पुढच्या फेरीला ती काचेपर्यंत येणार होती. आणि काचेच्या आत माझा मुलगा बसतो.

तेव्हा मला मालनवन्सं आठवल्या.

मालन म्हणजे यजमानांची थोरली बहीण, माझी नणंद. त्यांचं सासर कुक्षीपलीकडे नर्मदाकाठच्या एका गावात. गावाचं नाव लिहीत नाही. ते आता पाण्याखाली आहे. २०१९ ला धरणाचं पाणी चढू लागलं, तेव्हा यजमानांनी याच ट्रकने लोकांचे संसार हलवले. दारं, वासे, छपराची कवेलू, चुली. सगळे निघाले. वन्सं निघेनात. विधवा, एकट्या, आणि जिद्दी.

शेवटी यजमान त्यांना न्यायला गेले, तेव्हा गावच्या रस्त्यावर पाणी आलं होतं. गाडी नाल्यावरच्या मोरीपाशी अडली. इंजिनात पाणी जायची वेळ आली. वन्सं ओट्यावर उभ्या होत्या. तिथून ओरडल्या, "भगवंता, मोठ्या चाकांची गाडी घेऊन ये. मग चढते!"

"आणतो ताई," हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी होडी घेऊन माणसं गेली. ओटा पाण्याखाली होता. वन्सं नव्हत्या.

आणि आता आमची गाडी मोठ्या चाकांची झाली होती.

मी रुचीला म्हटलं, "गाडी विकायची नाही. लिंबू-मिरची नको, बाबा-बुवा नको. मी जाते अंकितबरोबर."

"आई, तू नको," अंकित म्हणाला.

"तू गाडी चालव. बोलायचं काम माझं."

कुक्षीपर्यंत काही झालं नाही. दगडाला दगड जुळत गेला. गोदामात माल उतरवला. रिकामी गाडी घेऊन परत निघालो.

रस्त्यात एक जुना फाटा आहे. खडी उखडलेली, कडेला बाभळी. तो रस्ता गावाकडे जायचा. आता पाण्यात जातो.

फाटा जवळ आला...

आणि टायरचा आवाज बंद झाला.

इंजिन चालू होतं. पण रस्त्यावर रबर घासतं तो आवाज नाही. मागच्या फाळक्याच्या साखळीची खळखळ नाही. समोरून बस गेली, तिचा हॉर्न नाही.

"अंकित."

तो समोर बघत होता. हात स्टिअरिंगवर. डोळे उघडे. ओ दिली नाही.

समोरच्या काचेतून मला कोरडा डांबरी रस्ताच दिसत होता. तोच. पण मीटरचे आकडे भराभर फिरत होते, आणि दाराला पाणी आपटल्याचा आवाज येत होता. थप... थप...

मग माझे पाय गार पडले.

खाली पाहिलं. पत्रा कोरडा. चपला कोरड्या. आणि पाय घोट्यापर्यंत पाण्यात. दिसत नव्हतं, पण होतं. वर चढत होतं.

पोटरी... गुडघे...

गाडी थांबली.

केबिनच्या मागच्या पत्र्यावर थाप पडली.

एकच.

ट्रकवाल्यांच्या घरात ही भाषा लहान पोरालाही कळते. मागून एक थाप म्हणजे थांब. दोन म्हणजे चल.

माझं काळीज हललं, नाही म्हणत नाही. पण आवाज हलू दिला नाही.

"वन्सं," मी म्हटलं. "गाडी आलीय. चढा."

माझ्या बाजूच्या दाराची कडी हलली...

बाहेर कोणी नव्हतं. कडी मात्र हळूहळू वर होत होती. मी दोन्ही हातांनी ती खाली दाबून धरली. बर्फासारखी गार होती.

"ही जागा माझी आहे, वन्सं. बाईमाणसाने गाडीत पुढे बसू नये, असं तुम्हीच म्हणायचात ना? सगळं आयुष्य मला मागे पोत्यांवर बसवलंत. माहेरी जाताना मागे, बाळंतपणाला जाताना मागे. आज तुम्ही मागे बसा."

कडीला हिसका बसला. मी सोडली नाही. पाणी मांडीपर्यंत आलं होतं.

"भाऊ तुमचा शब्द देऊन गेला. तो शब्द मी पाळतेय. पण पोरगा माझा आहे. त्याला हात लावलात तर नणंद म्हणून बघायची नाही मी. बसायचं तर मागे बसा, नाहीतर उतरा!"

कडी सैल झाली.

मग गाडीच्या स्प्रिंगचे पाटे करकरले. रिकाम्या ट्रकमध्ये मागून माणूस चढलं की करकरतात, तसेच.

मी खिडकीतून हात बाहेर काढला आणि दारावर दोन थापा मारल्या. चल.

मागून एक थाप. थांब.

मी पुन्हा दोन मारल्या. हात झिणझिणला.

मागून एक.

"अंकित, गिअर टाक!" मी ओरडले आणि त्याच्या पाठीत जोरात धपाटा घातला. पोर दचकलं. हात गिअरवर गेला.

मी परत दोन थापा मारल्या.

नुसतं पाणी आपटत राहिलं. थप... थप...

मग मागून, सावकाश, दोन.

टायरचा आवाज परत आला. खळखळ परत आली. पाय कोरडे झाले. अंकित म्हणाला, "आई, माझ्या पाठीत का मारलंस?" मी हसले. मग धारपर्यंत रडले.

त्या दिवसापासून मीटर चोख आहे. ओली रेघ नाही. अंकित जेवतो, हसतो, रुचीशी भांडतो. पोरगा माझा मला मिळाला.

पण एक आहे.

देवासला माल भरण्याआधी रिकामी गाडी वजनकाट्यावर जाते. मोठे टायर लावल्यानंतरचं वजन आम्हाला पाठ होतं. त्या फेरीनंतर ते चाळीस-पंचेचाळीस किलोने वाढलं. गाडी झाडली, धुतली, पाने-जॅकसुद्धा उतरवून ठेवले. काटावाला म्हणाला, "माँजी, पीछे कोई बैठा है क्या?"

वन्संना कुक्षीकडे धरणग्रस्तांच्या नव्या वसाहतीत प्लॉट मिळाला होता. अजून मोकळाच आहे. आम्ही गाडी तिथे नेली. मी मागचा फाळका उघडला. हळदकुंकू ठेवलं, म्हटलं, "उतरा वन्सं, तुमची जागा आली."

परत काट्यावर गेलो. वजन तेवढंच.

त्यांना कुठे उतरायचंय, ते मला अजून कळलेलं नाही. रुची म्हणते, विका. मी विकणार नाही. शब्द देऊन बसवलंय, वाटेत उतरवायचं नसतं. कोणाला खोटं वाटत असेल तर त्याने देवासला यावं आणि स्वतः काट्यावर बघावं.

फक्त परवा सकाळी अंकितने हाक मारली. गाडीत पुढे, डाव्या बाजूची गादी ओली होती. माझी जागा.

मी ती उन्हात वाळवली आणि दुपारी त्याच गादीवर जाऊन बसले.

मालनवन्सं २०१९ च्या भाद्रपदात गेल्या. देह मिळाला नाही. माझे यजमान भगवंत त्याच वर्षी दिवाळीच्या आधी झोपेत गेले. आमच्या घरात त्यानंतर कोणी गेलेलं नाही.