घासलेला सांधा

मंगळवारी दुपारी जेवण उरकलं आणि लोर्नाच्या गाडीची नवी कमान जोडायला घेतली. साधं काम, तासाभराचं. बेकर्सफील्डच्या उन्हात माझं पत्र्याचं गॅरेज तव्यासारखं तापलं होतं, बाकी विशेष काही नव्हतं.

गाडी तिच्या वडिलांची, वेंडेलची. सदुसष्ट साली आम्ही दोघांनीच बांधलेली. भंगारातून जुन्या, इवल्याशा फियाटची बॉडी उचलली, खाली नळ्यांचा सांगाडा जोडला आणि भलंथोरलं इंजिन इतकं मागे ओढलं, की ते वेंडेलच्या मांडीवरच बसलंय असं वाटे. लांबी कमी, ताकद अफाट. पाव मैलात ती सरळ कमी आणि आडवीच जास्त पळायची! म्हणून तर डोक्यामागे लोखंडी कमान, उलटली तर जीव वाचवायला.

ती जोडली मी, आणि तिची माती केली तीही मीच. सांध्यावर वेल्डिंगचा उंचवटा असतो ना, तो काही उगाच नसतो, तोच सांधा धरतो. पण मला वर क्रोमचा मुलामा हवा होता, आरशासारखा. मी तो उंचवटा ग्राइंडरने घासून सपाट केला. "डेल, नवरी नटवतोस का रे?" वेंडेल म्हणाला होता. मी हसलो. पुढच्याच शर्यतीत गाडी उलटली आणि कमान नेमकी तिथेच उघडली. वेंडेल जागच्या जागी गेला. लोक म्हणाले, वेंडेलने गाडी थांबवायचं पॅराशूट उशिरा सोडलं. मी मान डोलावली. तीस वर्षं डोलावतोय, लाज नाही मला.

आता शनिवारी जुन्या गाड्यांच्या मेळ्यात लोर्ना ती पळवणार. "कमान तुमच्याच हातची हवी, काका," असा हट्ट. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी नळीचं माप घ्यायला लागलो.

ती दाराशी हेल्मेट पुसत बसली होती. मी वेल्डिंगचा मास्क खाली ओढला. त्या काळ्या काचेआड भर दुपारी रात्र होते, स्वतःचा हातही दिसत नाही. रॉड टेकवला, हिरवट उजेड पडला...

सीटवर कुणीतरी बसलं होतं. पाठमोरं.

मास्क वर केला. सीट रिकामी. म्हातारचळ लागला, म्हटलं. पुन्हा खाली, पुन्हा उजेड. आता ती मान जराशी वळली होती... आणि शर्यतीच्या इंधनाचा, नायट्रोचा वास आला, डोळ्यांत पाणी आणणारा. गॅरेजात त्याचा थेंबही नव्हता. सांध्यापलीकडे हातमोज्यातली बोटं नळी घट्ट धरून होती, मला जोडायला सोपं जावं म्हणून वेंडेल धरायचा, तशीच.

वाटलं, माफ केलं यानं. मास्कच्या आत ढसाढसा रडलो, पण दात आवळून. एक शब्द फुटू दिला नाही. सांधा पुरा केला आणि मास्क काढला.

"लोर्ना, एक सांगायचंय... तुझ्या वडिलांबद्दल..."

ती भिंतीला टेकून उभी होती, पांढरीफटक.

"सांगितलंत की मघाशी, काका. मास्कच्या आतून."

"मी? काय... काय सांगितलं?"

"डेलने सांधा घासला, म्हणालात." ती माझ्या तोंडाकडे एकटक बघत होती. "स्वतःचंच नाव घेऊन का बोललात? आणि... या कमानीखाली बसू नकोस, असं का म्हणालात?"