सरकीची झडप

ही गोष्ट खरी आहे.

भुताची गोष्ट सांगणारा प्रत्येक जण असंच म्हणतो, हे मलाही ठाऊक आहे. पण ही माझ्या सख्ख्या आजोबांची गोष्ट आहे, आणि माझे आजोबा भूत मानत नव्हते. छप्पन्न साली दीक्षा घेतली तेव्हा देव, भूत, अंगारा, भगत, सगळं त्यांनी एका दिवसात घराबाहेर काढलं होतं. त्यांनी ही गोष्ट आम्हाला घाबरवायला सांगितली नाही. सांगताना ते सारखे खाली बघत होते.

आणि हिच्यात रात्र नाही. जे घडलं ते भर दुपारी घडलं.

साल १९६०. गाव अकोला. वैशाख महिना.

वऱ्हाडातला वैशाख ज्यानं पाहिला नाही, त्याला तिथली दुपार सांगून कळायची नाही. रस्त्यावर माणूस नसतं. झाडावर पाखरू नसतं. सगळं गाव दारं लावून पडलेलं असतं.

आजोबांचं नाव देवमन. तेव्हा ते तिशीतले होते, कुणाचेच आजोबा नव्हते, म्हणून मी नुसतं देवमनच म्हणते. गावकीची कामं सोडून तो अकोल्याला आला, एका जिनिंगमध्ये सुतारकाम शिकला, आणि दारं-खिडक्या करण्यात, काचा बसवण्यात त्याचा हात बसला. आपल्या कामाचा त्याला तोराही होता थोडा.

लीलाबाई मुलींच्या शाळेत शिकवायच्या. एकट्या राहायच्या, जिनिंगच्या मागच्या जुन्या बंगलीत. मागच्या अंगणात उघडणारं एक काचेचं दार होतं त्या बंगलीला. बाईंच्या घरी देवमनसाठी वेगळी कपबशी नव्हती. ज्या कपात त्या चहा घ्यायच्या, तसल्याच कपात त्यालाही मिळायचा. त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती, आणि देवमन ती विसरला नव्हता.

बाईंची एक मांजर होती. पांढऱ्या अंगावर काळपट ठिपके, म्हणून तिचं नाव सरकी. ती नुकतीच व्याली होती. आतल्या खोलीत, टोपलीत, तीन पिल्लं.

"देवमन, या दाराले मांजरीपुरतं भोक पाडून देशील का रे?" बाईंनी विचारलं.

"काचेले? बाई, काच आहे का भाकर?"

बाई हसल्या. मग म्हणाल्या, "अमरावतीले बहीण बाळंत होऊन राहिली. मले जा लागते. घराले कुलूप राहीन, तर ही जाईन कुठून, येईन कुठून? अन् मांजर पिल्लांले सात घरं फिरवते म्हणतात. मले तिले फिरू द्यायचं नाही. इथंच राहू दे तिले, सुखानं."

देवमननं काम मन लावून केलं. खालचं तावदान काढलं. काच हिरकणीनं कापून लहान केली आणि वरच्या अर्ध्यात बसवली. खालच्या अर्ध्यात सागवानाची हलकी झडप, सायकलच्या ट्यूबच्या पट्टीवर टांगलेली. आतून ढकला, बाहेर उघडते. बाहेरून ढकला, आत उघडते. सोडली की चौकटीवर आपटते... खट्.

काचेभोवती त्यानं ओली लांबी भरली. खडूची पूड, जवसाचं तेल. ती वाळेपर्यंत झडप हलली तर हादऱ्यानं काच सरकते. म्हणून असं काम झालं की तो बाहेरून एक खिळा मारून झडप बंद ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी येऊन उपटायचा. नेहमीची रीत होती ती त्याची.

"सरकी आतच आहे ना बाई? रातभर आतच राहू द्या. सकाळी मी येतो अन् खिळा काढतो."

"येजो बरं. विसरजो नको."

"मी विसरीन का बाई?"

बाईंनी आत रात्रीपुरतं पाणी ठेवलं. शेजारच्या जाईबाईला सांगितलं, रोज अंगणात दूध आणि पाणी ठेवत जा. घराला कुलूप लावलं आणि संध्याकाळच्या गाडीनं अमरावतीला गेल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आतच देवमनच्या दारात ट्रक उभा. तेल्हाऱ्याला बुद्धजयंतीची मोठी मिरवणूक होती, लाकडी कमान करायची होती, आणि ती देवमनशिवाय कोण करणार? माणसं गाणी म्हणत होती. त्यानं हत्यारांची पेटी ट्रकात टाकली आणि चढला.

खिळा राहिला.

इथपर्यंत ती चूक होती. माणसाकडून होते. पण पुढचं ऐका.

तिसऱ्या दिवशी, पौर्णिमेच्या सकाळी, तिथल्या विहारात सगळे हात जोडून बसले होते. पंचशील सुरू झालं. कोणत्याही जिवाची हिंसा करणार नाही, असं देवमन इतरांबरोबर मोठ्यानं म्हणाला, आणि तोंडातल्या तोंडात शब्द थांबला.

त्याला खिळा आठवला.

तेव्हाच उठला असता तर संध्याकाळपर्यंत अकोल्याला पोचला असता. पण मिरवणूक निघायची होती. लोक त्याची कमान बघून वाहवा करत होते. कार्यकर्ते म्हणत होते, "देवमनभाऊ, कमान उतरवूनच जा आता." त्यानं स्वतःची समजूत घातली. मांजर आहे. काढते कुठून तरी वाट. जाईबाईचं लक्ष असंन.

तो राहिला. मिरवणुकीत नाचलासुद्धा. हे सांगताना आजोबांनी स्वतःच्या गालावर हलकेच चापट मारून घेतली होती.

दोन दिवसांनी परत आला तो भर दुपारी, ट्रकातून उतरून थेट बाईंच्या अंगणात. जाईबाई कडुलिंबाखाली धान्य निवडत होती.

"दूध रोज संपते," ती म्हणाली. "काही काळजी नाही."

"मांजर दिसते का?"

"मले तर नाही दिसली. पयले दोन-तीन दिस आतून खरडल्याचा आवाज येत होता. मले वाटलं, खेळून राहिली. मंग थांबला."

दूध दुसऱ्याच मांजरी पीत होत्या.

दारावर वाळ्याची ताटी टांगलेली होती, सुकून खडखडीत झालेली. देवमननं ती बाजूला केली.

काचेवर आतून... खालपासून वरपर्यंत... पंजे ओढल्याच्या रेघा होत्या.

नव्या लांबीतही नखं रुतली होती. झडपेच्या फटीतून वास आला. आत काहीच हलत नव्हतं.

त्यानं काय केलं? हाक मारली नाही. कुलूप तोडलं नाही. पकड काढली, खिळा उपटला, पेटीत टाकला. झडप एकदा हलली आणि चौकटीवर आपटली. खट्.

ताटी पुन्हा सारखी करून तो घरी गेला.

चार दिवसांनी बाईंचा निरोप आला. तो गेला तेव्हा त्या जमिनीवर बसल्या होत्या, झडपेसमोर. सरकी त्यांना तिथेच सापडली होती, दाराला डोकं लावून. पिल्लं टोपलीत.

"झडप तर मोकळी आहे रे," बाई म्हणाल्या. त्यांनी बोटानं ढकलून दाखवली. "मंग गेली काहून नाही ती? माहीच चूक. मी तिले शिकवलंच नाही. एक दिवस थांबून, हात धरून शिकवाले पाहिजे होतं. मीच मारलं तिले."

आता सांगायचं. आत्ता. देवमनच्या ओठावर आलं होतं. समोर तोच चहाचा कप होता.

आणि तो म्हणाला, "नवी गोष्ट होती बाई. जनावराले काय समजते."

बाईंनी मान हलवली. त्यांना ते पटलं.

त्यानंतर सुरू झालं.

एका दुपारी देवमन घरी आडवा झाला होता. त्याची बायको मैना, म्हणजे माझी आजी, शेजारीच झोपली होती. कुडाचं घर, टिनाचं दार. त्या घरात काच नव्हती, झडप नव्हती.

तरी आवाज आला...

खट्.

तो उठून बसला. मैना झोपेतच होती. बाहेर नुसतं ऊन.

मग कामावर. एका वकिलाच्या नव्या घरात त्यानं खिडकीला काच बसवली, लांबी बोटानं गुळगुळीत केली, घराला कुलूप लावून किल्ली स्वतःजवळ ठेवली. सकाळी उघडून बघतो तर खालच्या कडेच्या लांबीत, आतल्या बाजूनं... चार बारीक खळगे आणि त्यांच्यामागे एक मोठा.

मांजरीच्या पंजाचा ठसा.

त्यानं तो बुजवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच. त्या वर्षात त्यानं जिथं जिथं काच बसवली, तिथं तिथं हेच. कधी मोठा पंजा. कधी अगदी लहान, करंगळीच्या नखाएवढा. लोक म्हणायचे, देवमनचा हात बिघडला. त्यानं काचेची कामं घेणंच सोडून दिलं.

त्याची बहीण चतुराबाई म्हणाली, "दादा, कोणाले तरी दाखव."

"काय दाखवू? कोणाले दाखवू? आपण सोडलं ना ते सारं?"

खरं तर त्याला कळत होतं. भगताकडे जाऊन फिटणारं हे नव्हतंच. एका माणसाला एक वाक्य सांगायचं होतं, तेवढंच. बाई दिसल्या की तो गल्ली बदलायचा. आणि बाई जाईल तिथं सांगत होत्या, माझ्या हातून मांजर मेली.

पुढच्या वैशाखात बाईंनीच बोलावलं.

वर्षात त्या फार वाळल्या होत्या. आत, काचेच्या दारासमोर सतरंजी टाकून बसल्या होत्या, त्याला म्हणाल्या, "देवमन, झडपेले जरा रंधा मारून दे. अडते."

"अडते? कोणाले?"

बाई हळूच म्हणाल्या, "सरकी शिकून राहिली रे. रोज दुपारी येते. मी इथं बसतो अन् तिले म्हणतो, ढकल बाई, ढकल. ते ढकलते. पण झडप उघडतच नाही."

देवमननं झडप तपासली. मोकळी होती. बोट लावलं की झुलत होती. खिळ्याचं भोक तेवढं रिकामं दिसत होतं.

"बस," बाई म्हणाल्या. "आता येईन."

तो बसला. ऊन अंगणात पसरलं. कावळासुद्धा ओरडत नव्हता.

आधी काचेवर, खाली, आतल्या बाजूनं... वाफ धरली. इतक्या उन्हात. रुपयाएवढा गोल डाग. तो लहान झाला, मोठा झाला, पुन्हा लहान झाला.

कुणीतरी काचेला तोंड लावून श्वास घेत होतं.

मग नखांचा आवाज. खर्र... खर्र...

मग झडप हादरली. एकदा. पुन्हा. पण उघडली नाही, कारण ती बाहेरून कशानं तरी धरलेली होती.

"ढकल बाई," लीलाबाई पुटपुटल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "माहं चुकलं. ढकल."

देवमनला ते ऐकवेना.

"बाई," तो म्हणाला, "तुमचं नाही चुकलं. तिनं ढकललंच असंन, पण झडपच बंद होती. मी खिळा काढला नव्हता. तेल्हाऱ्यात मले आठवण झाली होती, तरी मी आलो नाही. अन् मंग तुमी यायच्या आधी चोरासारखा येऊन उपटला."

बाईंनी डोळे पुसले. मग त्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

"तू म्हणाला होता, जनावराले काय समजते."

एवढंच म्हणाल्या. उठल्या, आतल्या खोलीत गेल्या, आणि दार लावून घेतलं. त्यांनी त्याला शिव्या दिल्या असत्या, मारलं असतं, तर बरं झालं असतं, असं आजोबा म्हणायचे. त्या दोघांचं पुढं कधीच बोलणं झालं नाही.

देवमन तिथंच बसून होता, तेवढ्यात...

झडप उघडली.

हळूहळू, बाहेरच्या बाजूला. तोंडात काही धरलेली मांजर बाहेर पडायला जेवढा वेळ लागेल, तेवढा वेळ उघडी राहिली. मग खट्. थोड्या वेळानं आत उघडली. मग पुन्हा बाहेर, तशीच, सावकाश. तीन पिल्लं होती. तीन वेळा ती तशी बाहेर उघडली, आणि त्यानंतर हलली नाही.

देवमनला वाटलं, सुटली बिचारी. रडत रडत, पण हलक्या अंगानं तो घरी गेला.

मैना दारातच उभी होती.

"अवं, आपल्या घरात मांजर व्याली का कुठं? मघापासून पिल्लांचा आवाज येऊन राहिला. मी सारं घर धुंडलं. काहीच दिसत नाही."

हत्यारांच्या पेटीमागून आवाज येत होता. ज्या पेटीत तो खिळा होता, तिच्यामागून. देवमननं पेटी उघडी करून ठेवली, तरी थांबला नाही. रोज दुपारी यायचा. कित्येक वर्षं.

मग एका उन्हाळ्यात आपोआप थांबला. त्याच आठवड्यात चतुराबाई मूर्तिजापूरहून आली आणि सहज म्हणाली, "दादा, आमच्या माळ्यावर मांजर व्याली वाटते, पण दिसत नाही कुठं."

आजोबा जेवणावरून उठून गेले.

पुढे ते आवाज माझ्या मोठ्या मामाकडे ऐकू आले. मग माझ्या आईच्या सासरी. प्रत्येक वेळी आमच्यातलंच घर.

गेल्या महिन्यापासून, दुपारी, माझ्या गॅलरीच्या काचेच्या दारावर खाली, आतून... वाफेचा एक लहान डाग धरतो. माझ्याकडे मांजर नाही.

आमचं घर कितवं, ते मोजायला मी बोटं उचलली होती. मिटून घेतली. सात घरं झाल्यावर मांजर पिल्लांना कुठं नेते, हे मला कुणीच सांगू शकलं नाही.

कितीही ऊन असो, दुपारी ते दार मी लावत नाही.