डाव्या हाताचा ब्रेक

"तूच केलंस हे," गिरिजा दारातूनच म्हणाली.

शनिवारची सकाळ होती. सलील अजून पायजम्यात होता आणि हातात अर्धा टोस्ट होता. समोर गिरिजा, आणि तिच्या शेजारी तिची हिरवी फ्रेंच सायकल. पुढचं चाक वाकून इतकं आउट झालं होतं, की दर फेरीला फ्रेमला घासत होतं. हँडलचं एक टोक खरवडलं होतं.

"रागाने आपटलीस ना? आमच्या शेडच्या कुलपाचा नंबर घरच्यांशिवाय फक्त तुलाच माहीत आहे."

"मी हातसुद्धा लावलेला नाही," सलील म्हणाला.

यातलं अर्धं खोटं होतं. त्यावर आपण येऊच.

गिरिजा आयर्लंडमधल्या मेनूथ गावात सलीलच्याच गल्लीत, तीन घरं सोडून राहायची. दोघंही तेरा वर्षांची, एकाच वर्गातली. (या मुलांचं आपापसातलं बोलणं निम्म्याहून जास्त इंग्रजीत चालतं, तेही आयरिश हेल काढून. इथे ते मराठीत दिलंय, कारण आम्हाला तो हेल जमत नाही.) गेल्या हिवाळ्यात दोन्ही घरांनी मिळून ठरवलं होतं, की जुलैमध्ये फ्रान्सला जायचं आणि बरगंडीतल्या द्राक्षमळ्यांमधून आठ दिवस सायकल चालवायची. रस्ता काढायचं काम सलीलने अंगावर घेतलं. नकाशावर मोठे रस्ते लाल, मधले पिवळे आणि अगदी बारीक ते पांढरे. त्याने फक्त पांढरे धरले. डिसेंबर ते मार्च तो रोज संध्याकाळी एकेक वळण तपासत बसायचा. ट्रक कुठून जातात, कुठल्या गावात पाण्याचा नळ आहे, कुठली बेकरी सोमवारी बंद असते, सगळं त्याला पाठ झालं. एकूण एकशे बारा वळणं भरली.

मग व्हिसा आडवा आला. गिरिजाच्या घरी गेल्याच वर्षी आयरिश पासपोर्ट आले होते, त्यामुळे त्यांना व्हिसा लागत नव्हता. सलीलच्या घरचे पासपोर्ट अजून भारतीय होते आणि त्यांना व्हिसा केंद्राने तारीख दिली ती थेट सप्टेंबरची. गिरिजा गेली. सलीलचाच नकाशा घेऊन सलीलच्याच रस्त्याने गेली, आणि उन्हाने रापून परतली ती गाडीच्या टपावर ही जुनी हिरवी सायकल बांधून. मग सुरू झाली वर्णनं. सकाळभरात रस्त्यावर दोनच वाहनं, त्यातला एक ट्रॅक्टर. दोन्ही बाजूंना द्राक्षांच्या रांगा आणि कमरेएवढ्या दगडी भिंती. पुढचं गाव कुठे आहे ते चर्चच्या मनोऱ्यावरून कळायचं. "आणि तुझं त्रेचाळिसावं वळण चुकलं होतं हं. तिथे नुसती खडी होती," हे ती रोज सांगायची.

सलीलला इतका मत्सर वाटत होता, की रात्री जेवण जात नव्हतं. त्याच्या रस्त्यावरून दुसरंच कोणी फिरून आलं होतं आणि वर चुका काढत होतं. त्याने तिचे फोटो बघणं बंद केलं. कोणी विचारलं तर "ग्रँड आहेत" एवढंच म्हणायचा. हे गिरिजाला दिसत नव्हतं असं थोडंच आहे?

"उद्या जेवायला याल तेव्हा सगळ्यांसमोर कबूल कर," ती म्हणाली. "नाहीतर यापुढे आपण फक्त एका वर्गातली मुलं. बास."

ती सायकल ढकलत निघून गेली. जिन्याच्या पायरीवर सलीलची धाकटी बहीण स्वरूपा बसली होती. वय वर्षं दहा, कान मात्र फार तयार.

"स्पोकमध्ये गवत अडकलं होतं," ती म्हणाली. "लांब पात्यांचं. तसं कालव्याकाठीच असतं. चल."

कालव्याच्या वाटेने दोघं दगडी पुलापर्यंत गेली. पुलाचा उतार संपतो तिथे स्वरूपाला हवं ते मिळालं. ओल्या मातीत पुढच्या चाकाने खोल चर पाडला होता. मागच्या चाकाची खूण मात्र तिथे एकदम संपली होती. पलीकडच्या दगडावर हिरवा रंग लागला होता.

सलीलला सगळं डोळ्यांपुढे दिसलं. "कोणी आपटलेली नाही. चालवणारा पडलाय. त्याने डावा ब्रेक करकचून दाबला, मागचं चाक उचललं गेलं आणि तो हँडलवरून पुढे हातांवर पडला."

"डावा ब्रेक मागच्या चाकाचा असतो," स्वरूपा म्हणाली. "त्याने कोणी उलटं पडत नाही."

"आपल्या सायकलींचा. इथे आणि भारतातही. फ्रेंच सायकलवर उलटं असतं, डावा पुढच्या चाकाचा."

"तुला कसं माहीत?"

सलील कालव्यातल्या बदकांकडे बघत राहिला. स्वरूपाने त्याचे दोन्ही तळवे उलटेपालटे करून पाहिले. साधा ओरखडाही नव्हता.

"तू पडला नाहीस. पण चालवलीस," ती म्हणाली.

बुधवारी गिरिजाकडे कोणी नसताना त्याने शेड उघडली होती. याच वाटेवर डावा ब्रेक दाबला आणि हनुवटी हँडलवर आपटता आपटता वाचली. पुढचा रस्ता त्याने अगदी हळू कापला आणि सायकल होती तशी ठेवून दिली. आता तळवे दाखवून सुटायचं, तर ब्रेकचं सांगावं लागणार, आणि ब्रेकचं सांगितलं की हेही सांगावं लागणार.

"मी सांगणार नाही," स्वरूपा म्हणाली. "तुलाच सांगावं लागेल. आधी तळवे सोललेला माणूस शोधू."

रविवारी गिरिजाकडे जेवणाला सगळे जमले. सलीलचे बाबा स्लायगोच्या हॉस्पिटलात ड्यूटीवर होते, म्हणून त्याची आई वासंती दोघा मुलांना घेऊन आली. गिरिजाचे आईबाबा म्हणजे सुमेधाकाकू आणि उल्हासकाका. शिवाय तिचा हृषीकेशमामा, जो विद्यापीठात संशोधन करायचा आणि भाड्याने घर मिळेपर्यंत त्यांच्याचकडे राहायचा. पुण्यात असताना आपण सगळे घाट सायकलने कसे चढलो, हे मामा दर रविवारी सांगायचा. घाट दर रविवारी थोडे उंच व्हायचे. त्याचा दुसरा आवडता विषय म्हणजे हाताने जेवणं. काटा-चमचा घेणाऱ्या मुलांची तो यथेच्छ टिंगल करायचा.

गिरिजा सलीलकडे बघतही नव्हती. स्वरूपाने मात्र त्याला टेबलाखालून लाथ मारली. मामा वरणभात चमच्याने खात होता. पोळीचे तुकडे काट्याने करत होता. आणि घाटांबद्दल एक शब्द नाही.

स्वरूपा उठली, लिंबाच्या फोडींची वाटी मामापुढे ठेवली आणि गोड आवाजात म्हणाली, "मामा, मला लिंबू पिळून दे ना. तू सगळ्यांना देतोस तसं."

सगळे बघत होते. मामाला नाही म्हणता येईना. त्याने फोड मुठीत धरून पिळली आणि "आई गं!" करून खुर्चीवरून अर्धा उठला. तळव्यांवरची साल गेलेली सगळ्यांना दिसली.

"प्रयोगशाळेत काच लागली," मामा घाईने म्हणाला.

"दोन्ही हातांना?" उल्हासकाकांनी विचारलं.

आता बोलायला हवं होतं. सलीलने पुलाजवळचा चर, दगडावरचा रंग आणि फ्रेंच ब्रेकचं सगळं सांगितलं. फ्रान्सला जाऊन आलेल्या तिघांना ब्रेक माहीत आहेत, म्हणजे पडलेला माणूस तिकडे न गेलेला आहे.

"तूही गेला नव्हतास," गिरिजा म्हणाली. "मग तुला ब्रेकचं कसं कळलं?"

"कारण बुधवारी मी ती चालवली. तुला न विचारता." त्याचे कान तापले होते. "मला तुझा मत्सर वाटतो, गिरिजा. रस्ता मी काढला आणि गेलीस तू. मला एकदा तरी तिच्यावर बसून बघायचं होतं. काल मी तुझ्याशी खोटं बोललो. पण चाक मी मोडलं नाही."

मामाने काटा खाली ठेवला. शुक्रवारी मीटिंगला उशीर होत होता म्हणून त्याने हीच सायकल काढली, पुलाच्या उतारावर कुत्रं आडवं आलं, आणि सवयीने डावा ब्रेक दाबला गेला. कोणाला कळायच्या आत दुरुस्त करू, असं त्याला वाटलं होतं. "पोराने माझ्यासमोर खरं सांगितलं आणि मी त्याच्यावर आळ येऊ दिला," तो म्हणाला. "सॉरी, सलील."

सुमेधाकाकूंनी भावाला चार शब्द सुनावले. मग कौतुक सुरू झालं. सगळ्यात जास्त स्वरूपाचं, तिच्या नजरेचं आणि त्या लिंबाचं. ते ऐकताना सलीलला पुन्हा मत्सर वाटायला लागला. इतक्यात उल्हासकाका त्याच्याकडे वळून म्हणाले, "आणि हे सांगायला धैर्य लागतं बरं का." आई म्हणाली, धैर्य आहेच, पण न विचारता दुसऱ्याची वस्तू घ्यायची नाही. तेही बरोबरच होतं.

गिरिजा ताटातल्या भाताशी चाळा करत होती. "आठ दिवस बाबा दर वळणाला म्हणायचे, काय रस्ता काढलाय पोराने," ती एकदम म्हणाली. "पाय माझे दुखत होते आणि कौतुक तुझं. मला इतका राग यायचा तुझा. एकशे बारांत एकच वळण चुकलं होतं. म्हणून मी तेच उगाळत बसले."

चाकाचा आउट काढायचं काम मामाने स्वतःकडे घेतलं. तीन संध्याकाळी तो पाना घेऊन स्पोक आवळत बसला, तरी चाक घासत राहिलं, आणि मग गुपचूप दुकानात गेलं.

पुढच्या शनिवारी तिघं गावाबाहेर निघाली. रस्ता इतका कमी वापरातला, की मधोमध गवत उगवलं होतं. द्राक्षं नव्हती, गायी होत्या. हिरव्या सायकलवर सलील होता, गिरिजा त्याच्या जुन्या सायकलवर, स्वरूपा मागे. पुढे रस्त्याला फाटा फुटला तशी गिरिजा थांबली.

"कुठे जायचं?" सलीलने विचारलं. "सायकल तुझी आहे, तू सांग."

"रस्ते तू काढतोस," गिरिजा म्हणाली.

सलीलने उजवा ब्रेक हळूच दाबला, दोन्ही फाटे नीट बघून घेतले आणि सायकल बारक्या रस्त्याला वळवली.